गौतमीची गंधसही

विसावा केंद्राची पहिली अट अशी होती, की गौतमीने एक अख्खा दिवस अंघोळ करायची नाही.

तिच्या नवऱ्याला, अभिजितला, ही अट जरा खटकली. "आणि कुणी आलं-गेलं तर?" तो म्हणाला. चार वर्षांत बेडग्यांच्या घरी कुणी आलं-गेलं नव्हतं. पण अभिजित तत्त्वाचा माणूस होता.

अंघोळ नाही, पावडर नाही, आणि दोन्ही काखांत कापसाची एकेक पट्टी. बाकी सगळं रोजच्यासारखं करायचं. पहाटे उठून सासूबाईंची चादर बदलायची, त्यांना पेज भरवायची, थुंकलेली पुसायची, फोडणी द्यायची, त्यांच्या गुडघ्यांना बाम चोळायचा आणि मधूनमधून "गौते, मेलीस का गं?" या प्रश्नाला "नाही आई, आहे" असं उत्तर द्यायचं. मग दुसऱ्या दिवशी पट्ट्या डबीत घालून केंद्रात नेऊन द्यायच्या. त्यांतून तिची गंधसही काढायची होती.

बँकेला जशी आपली सही ओळखीची असते, तशी नाकाला ओळखू येणारी ही सही. मिरजेच्या त्या केंद्रात डॉ. शाहीन मुजावर ती बाटलीत भरून द्यायच्या. विस्मरणाच्या आजारात पूर्वी नाक फार लवकर कामातून जायचं. मुजावरबाईंनी नाकात घालायचे थेंब शोधून काढले आणि वठलेल्या मज्जातंतूंना पुन्हा पालवी फुटली. आजार होता तिथेच राहिला, पण म्हाताऱ्या माणसांची नाकं तरुण झाली.

"असं बघा, गौतमीताई," डॉक्टर म्हणाल्या, "चेहरा डोळ्यांतून आत गेला, की ओळख पटायला त्याला मेंदूतल्या चार कचेऱ्या हिंडाव्या लागतात. तुमच्या सासूबाईंच्या त्यातल्या तीन बंद आहेत. वासाला मात्र वेगळा दरवाजा आहे, थेट आठवणींच्या खोलीत उघडणारा. आमच्या थेंबांनी तेवढा उघडलाय. म्हणून त्या आता माणसं नाकानं ओळखतात."

"ते माहीत आहे," गौतमी म्हणाली. "दिवाळीला मी उटणं लावून पुढे गेले, तर पोलिसांना बोलवा म्हणाल्या."

"आणि बाहेरची बाई ठेवली तर?"

"तिघींना चावल्या. चौथी उलट चावणारी होती, तिला आम्हीच नको म्हटलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. हे त्यांनी बऱ्याच घरांतून ऐकलं असावं. "आता आमची विसावेकर येईल. म्हणजे घरच्या माणसाला विसावा मिळावा म्हणून त्याच्या जागी राहणारी बाई. तुमची गंधसही ती मनगटांना आणि मानेला लावील. सासूबाईंच्या लेखी ती म्हणजे तुम्हीच."

"आणि मी?"

"तुम्ही झोपायचं."

हे त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावं, असं गौतमीला फार वाटलं.

घरातलं एकच माणूस ओळखायला सासूबाई कधी चुकत नसत, ते म्हणजे अभिजित. तो रोज दारात उभा राहून "आई, बरी आहेस ना?" असं विचारी आणि त्या "आला गं माझा राजा" म्हणून ओल्या डोळ्यांनी हसत. "यांचा वास फार स्थिर आहे," डॉक्टरांनी एकदा कौतुकानं सांगितलं होतं. गौतमीला त्यात नवल वाटलं नाही. त्याला हलवील असं घरात काही नव्हतंच.

ठरल्या दिवशी सई लोंढे नावाची विसावेकर आली. तिशीची, कामसू, फारसं न बोलणारी. बाटलीतली गंधसही मनगटांना आणि मानेला लावून ती खाटेजवळ गेली. सासूबाईंनी तिचा हात नाकाशी धरला.

"आलीस व्हय गौते? पाणी दे. आणि पाय चेप."

मग त्यांची नजर दाराशी गेली. तिथे नाहूनमाखून, इस्त्रीची साडी नेसलेली गौतमी बॅग घेऊन उभी होती.

"आणि ह्या कोण?"

"मी... पाहुणी," गौतमी म्हणाली.

"मग उभ्या का? गौते, पाहुण्यांना पाट दे की."

सईने पाट दिला. गौतमी क्षणभर त्यावर बसली आणि मग गुहागरला बहिणीकडे गेली.

तिथे पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की माणसाचे खांदे खरं तर कानांपासून बरेच खाली असतात. दुसऱ्या कुणी वाढलेला भात गरम असतो, हेही तिला नव्याने कळलं. आठवड्याच्या शेवटी बहीण म्हणाली, "ताई, तू वेगळीच दिसतेस गं." गौतमीला ते बरं वाटलं.

ती परत आली तेव्हा सई निघून गेली होती आणि बाटलीही संपली होती.

"आई, आले मी."

सासूबाईंनी नाक वर करून हवा हुंगली. "कोण पाहिजे?"

साबणाचा वास असेल, म्हणून गौतमी घरच्या साबणाने नाहून आली. जुना गाऊन घातला. तळव्यांना बाम चोळला. फोडणीवर मुद्दाम वाकून उभी राहिली. सासूबाईंनी पुन्हा हुंगलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "ह्या बाई माझ्या सुनेचा गाऊन घालून का फिरतायत?"

पण त्या चावल्या नाहीत. पाहुणी म्हटल्यावर त्यांचा सूर मऊ झाला होता. असा सूर गौतमीने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी तिला जवळ बसवलं, कुठून आलात विचारलं, गुहागर म्हटल्यावर तिथल्या समुद्राची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी सून बाहेर गेलीय. ती घरात असली की मला भ्या वाटत नाही. लई बोलते मी तिला. तिला सांगू नका हं."

"नाही सांगणार," गौतमी म्हणाली.

पण दिवे लागले आणि त्यांचा धीर सुटला. "गौते! ए गौते!" अशा त्या भिंतींना हाका मारू लागल्या. गौतमीने हात धरायला पाहिलं, तर त्यांनी तो झटकून अंग चोरून घेतलं. पाहुण्या बाईनं अंगाला हात लावणं त्यांना पटलं नाही.

गौतमीने डॉक्टरांना फोन लावला. पट्ट्यांची तपासणी पुन्हा करून त्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं.

"दीर्घ थकव्यात माणसाचा घामच बदलतो, गौतमीताई. तुमच्या गंधसहीत निम्म्याहून जास्त भाग त्या थकव्याचा होता. आता तो गेलाय."

"मग माझा असा काही वास राहिलाय की नाही?"

"आहे ना. पण तो त्यांच्या ओळखीचा नाही. आपण त्यांना नाकाचे थेंब सुरू केले तेव्हा तुम्ही आधीच दमलेल्या होतात. त्यांच्या नाकाला न दमलेली गौतमी कधी भेटलीच नाही."

"म्हणजे त्या मला ओळखत नव्हत्या?"

"त्या थकव्याला ओळखत होत्या. आणि थकव्यात तसं कुणाचं स्वतःचं फार नसतं, तो बराचसा सगळ्यांचा सारखाच. काळजी करू नका. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही पहिल्यासारख्या व्हाल."

"दमेन, असं म्हणायचंय तुम्हाला."

"हो. तोवर त्यांच्याजवळ घरातलं ओळखीचं माणूस ठेवा."

ओळखीचं माणूस एकच होतं. ते पेपर वाचत होतं.

अभिजित मागे हटला नाही, हे सांगायला हवं. पहिल्या दिवशी त्याने आईला पेज भरवली आणि ही बातमी तीन मित्रांना फोन करून कळवली. दुसऱ्या दिवशी चादर बदलली आणि एकाच मित्राला कळवली. चौथ्या दिवसापासून त्याने कुणालाच काही कळवलं नाही. गौतमी मदतीला जाई, तेव्हा सासूबाई पदर सावरून म्हणत, "तुम्ही बसा हो. पाहुण्यांनी का काम करायचं?" त्यामुळे अंगाला हात लावून करायचं सगळं त्यालाच करावं लागे. त्याचे खांदे कानांकडे सरकू लागले होते.

एका दुपारी तो वाटी घेऊन खाटेजवळ गेला. आईने त्याचं मनगट धरलं, नाकाशी नेलं, आणि तिचा चेहरा एकदम निवळला.

"आलीस व्हय गौते? किती वाट बघायला लावतीस गं."

"आई, मी अभिजित."

"अभिजित वाचत बसला असंल. त्याला नको उठवू."

तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभा राहिला. "तिनं मला ओळखलं नाही," तो म्हणाला. गौतमीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या मानेशी तिला वास आला. बाम, आंबलेली पेज, शिळी झोप. ओळखीचाच होता. तिचाच होता तो.

"गौतमी," वाटी ओट्यावर ठेवत तो म्हणाला, "मला एक सुचतंय. मी थोडे दिवस पडून राहतो. माझ्यासाठी नाही, आईसाठी म्हणतोय. तिला सून काय, कुणीही दमलं की मिळेल. मुलगा एकच आहे, तेवढा तरी तिचा..."

तो अगदी मनापासून बोलत होता, अडचण तीच होती. गौतमीने यात खोट शोधून पाहिली. शास्त्र त्याच्या बाजूचं होतं. आणि आत ती म्हातारी, जिला सून घरात असली की भीती वाटत नव्हती.

अभिजित अंघोळ करून आडवा झाला. थोड्याच वेळात त्याचा श्वास संथ चालू लागला. सासूबाईंची चादर पुन्हा ओली झाली होती. गौतमी बादली घेऊन आत गेली. सासूबाईंनी तिच्या दिशेने नाक उचललं, खोलवर हुंगलं आणि अदबीनं हसल्या.

"तुम्ही बसा हो जरा. माझी सून येईलच एवढ्यात."

"हो," गौतमी म्हणाली, "येईलच."

आणि तिने पदर खोचला.