खैरबोडीचा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुखरू पाटलाची बैलजोडी दावणीलाच मेलेली सापडली. दुपार होईस्तोवर आणखी तीन बैल आडवे झाले. सांजेला गावानं मेली ढोरं ओढणाऱ्या वारलूला मारत आणून चावडीत कोंडलं.

सावली ठाण्याचे जमादार गुलाम रसूल सकाळी सायकलवरून आले, तेव्हा गावात कोणी रडत नव्हतं. माणसं ओट्यावर बसून होती. कोणी आलं तरी मान वर होत नव्हती. बायको खातून गेल्यापासून जमादारांनाही असंच व्हायचं. कानावर पडलेलं आत पोचायला वेळ लागायचा. फक्त मारुतीपुढं कीर्तन असलं की ते पायरीखाली जाऊन बसायचे आणि बुवांनी पूर्वरंगात उभा केलेला प्रश्न उत्तररंगात कसा सुटतो, ते डोळे मिटून ऐकायचे. तेवढा वेळ बरं वाटायचं.

इथं प्रश्न तर समोर मरून पडला होता.

"पाटील, तुमचा संशय वारलूवरच काऊन?"

"मेल्या ढोराचं कातडं कोण नेते, जमादारसाहेब? ज्याले कातडं पाहिजे, थोच जहर घालते."

"पोळ्याच्या दिवशी बैलायले चारलं कोणी?"

"म्या. पुरणपोळी माझ्या हातानं चारली."

"रात्री गोठ्यात कोण होतं?"

"मीच निजलो होतो."

"मग वारलू शिरला कवा?"

पाटलानं पागोटं सारखं केलं. "अशा लोकायचं काय सांगता येते?"

चावडीच्या आत वारलू भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटला होता.

"तू घातलं का जहर?"

"नाई म्हणलो, मारलं. हो म्हणलो, मारलं. आता तुमीच सांगा जमादारभाऊ, काय म्हणू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

बाहेर चावडीच्या पायरीवर बाया बसल्या होत्या, सुगंधाबाई पुढं. वर्षभर हीच बाई अर्ज देऊन, गावाला घेऊन तहसिलीच्या दारात बसत आली होती. गावाच्या शिवेवर रेल्वेचे स्लीपर औषधात मुरवायचा कारखाना होता. औषध मुरलं की लाकडाला उदई, म्हणजे वाळवी, लागत नाही. कारखाना बंद झाला, मालक निघून गेले, आणि औषधाचं टाकं व मुरलेलं लाकूड तसंच मागं राहिलं. टाक्यातलं औषध झिरपलेल्या नाल्याचं पाणी पिऊन गाई मेल्या. मग कुठं या उन्हाळ्यात तहसिलीनं मुखरू पाटलाला काम दिलं: टाक्यातला गाळ आणि सगळं लाकूड खोल खड्ड्यात पुरायचं. नायब तहसीलदारांनी येऊन पाहिलं आणि जागा साफ झाली म्हणून सांगितलं.

ते साहेबही आज आले होते.

"बाई, कारखान्याचा विषय संपला," ते म्हणाले. "हे विषप्रयोगाचं प्रकरण आहे. पोलीस बघतील."

"वारलू जेलात गेला का आमचा अर्ज बी त्याच्यासंगच कोंडसान. मले कळते, साहेब. लुगडं नेसलं म्हणून अक्कल गहाण नाई टाकली म्या."

बाया हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या.

"सुगंधाबाई," जमादारांनी विचारलं, "तुमचे बैल?"

"जितेच आहेत. गरिबाचे बैल तोरणाखाली मागं उभे राह्यले, मरणात बी मागंच राह्यले."

"म्हशी? गाई?"

"साऱ्या बऱ्या. पाणी तर साऱ्यायचं एकाच बोडीवरचं."

जमादार आखरावर, गावची ढोरं जमतात त्या मोकळ्या जागी, गेले. पोळ्याचं तोरण अजून बांधलेलं होतं. आंब्याची पानं वाळली होती. दोन्ही खांब नवे, सरळ, जरा हिरवट. एक शेळी मागच्या पायावर उभी राहून खांब चाटत होती. जमादारांनी तिला हाकललं; ती फिरून आली.

पाटील मागून आला. "गेल्या साली जुने खांब उदईनं खाल्ले, म्हणून हे नवे देल्ले. पण अपशकुनी झाले. उद्या वैनगंगेत सोडून देतो."

"एवढं चांगलं लाकूड? चुलीत काऊन नाई घालत?"

"अपशकुनाचं लाकूड घरात कोण जाळते?"

जमादार कारखान्यावर गेले. तिथला जुना चौकीदार लालसू अजून झोपडी करून राहत होता. त्यानं पुरलेला खड्डा दाखवला. एका बैलगाडीचा माल जेमतेम मावेल एवढाच.

"लाकूड किती होतं?"

"लई. ढिगाच्या ढीग."

"पुरलं तेवा तू होतास?"

"मले पाटलानं त्या दिवशी मार्कंड्याले धाडलं, नवस फेडाले. गाडीभाडं बी देल्लं." लालसू थुंकला. "त्या लाकडाची शेकोटी करू नका, म्हणून मी साऱ्यायले सांगत होतो. आग हिरवी होते. लसणाचा वास सुटते, डोकं फिरते."

परत येताना जमादारांनी खांबाच्या दोन ढलप्या काढल्या आणि पाटलाच्या परसात एक नजर टाकली.

चावडीपुढं सगळं गाव जमलं. जमादारांनी शेणीचा विस्तव मागवला. बुवा उत्तररंगाला उभे राहतात, तसे ते सावकाश उभे राहिले.

"मेले ते कोणाचे बैल? पाटलाचे, आणि पाटलाच्या मागोमाग ज्यांचा मान त्यांचे. पाणी एक, चराई एक. मग फरक कुठी? तोरणाखाली. मानाची जोडी पुढं, अगदी खांबाला लागून. झडत्यांची गाणी संपेपर्यंत बैल उभे. तेवढ्या वेळात ते काय करतील?"

"चाटत होते," कोणीतरी म्हणालं. "माझा बैल चाटत होता. मी म्हणलं, चाटू दे, सणाचा दिवस आहे."

"त्या लाकडाला औषधाचा खार फुटतो. ढोरांना खारट लागतं. मागच्या रांगेतल्या बैलांचं तोंड खांबापर्यंत पोचलंच नाही. जहर गोठ्यात कोणी घातलं नाही, कारण गोठ्यात पाटील स्वतः झोपले होते."

त्यांनी ढलपी विस्तवात टाकली. ज्वाळ हिरवी उठली. लसणाचा वास पसरला तशा बाया पदर नाकाला लावून मागं सरल्या.

नायब तहसीलदारांचा चेहरा उतरला. "हे लाकूड पुरलं होतं!"

"खड्ड्यात पुरलं थोडं. बाकी पाटलाच्या परसात धानाच्या तणसाखाली आहे, नव्या घरासाठी. उदई लागत नाही, असं लाकूड पुरायला जीव झाला नाही. तोरणाला खांब द्यायचा मान पाटलाचा, म्हणून त्यातलेच दोन निवडून दिले. जोडी मेली, तेव्हा पाटलांना कळलं. ते खांब जाळायला तयार नव्हते, कारण जाळले असते तर गावानं हिरवी आग पाहिली असती."

मुखरू पाटील खाली बसला. "बैल माझे बी मेले," तो म्हणाला. "लेकरावाणी होते. म्या जाणून नाई मारले."

"बैल नाई," सुगंधाबाई म्हणाली. "पण वारलूचं नाव जाणूनच घेतलंस ना रे?"

पाटलानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

जमादारांनी चावडीचं कुलूप काढलं. नायब तहसीलदार घाईनं म्हणाले, "लाकूड, खांब, टाकं, सगळं पुन्हा उचलून घेतो. मी स्वतः उभा राहीन."

"उद्यापासून आमी बी उभ्या राहू," सुगंधाबाई म्हणाली. "तुमच्या डोळ्यावर आता आमचा भरवसा नाई."

वारलू उजेडात आला. कोणी माफी मागितली नाही. गावाला तेवढं बोलायचं बळ नव्हतं. पाटलाच्या दारात बैल फुगत होते. सवयीनं सगळ्यांची नजर वारलूकडे गेली. मेलेलं ढोर ओढायचं काम पिढ्यान् पिढ्या त्याच्याच घरचं.

"कातडं कोणी काढू नका," जमादार म्हणाले. "कातड्यासकट खोल पुरा."

तरीही सगळे त्याच्याकडेच पाहत राहिले.

वारलू चावडीच्या पायरीवर बसला, बायांच्या शेजारी. सुगंधाबाईनं सरकून जागा दिली. तो उठला नाही.

मग मुखरू पाटील उठला, गोठ्यात गेला, सोलाचा दोर घेऊन आला आणि आपल्या पुढच्या बैलाच्या पायाला स्वतःच्या हातानं गाठ मारू लागला. गाठ त्याला जमत नव्हती. कोणी दाखवलीही नाही.