कमी आकडा

"बुधवारी इस्पितळातून घरी फोन आला होता ना? तो कुणी घेतला? एवढंच सांगा मला... कुणी घेतला?"

अतिदक्षता विभागाच्या दारासमोर मार्टेनचा आवाज चिरकला. रेन्स्केनं वडिलांकडे पाहिलं. शहात्तर वर्षांचे विबे टोपी गुडघ्यावर ठेवून बाकावर बसले होते आणि त्यांचे ओठ नुकतेच हलू लागले होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच ती पुढे झाली.

"मी घेतला. निरोप सांगायचा राहून गेला."

"राहून गेला? गाईंना चारा घालायचा कधी राहिला का गं तुझा? सख्ख्या बहिणीचा निरोप तेवढा राहतो! तुला माझ्या बायकोचं कधी बघवलंच नाही, रेन्स्के. ती शहरात जाऊन शिकली आणि तू शेण काढत बसलीस, हेच ना दुखणं?"

रेन्स्केला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हिल्केनं शिकावं म्हणून आपण सतराव्या वर्षी शाळा सोडून गोठ्यात उभ्या राहिलो, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं... पण ते बोलायची ही वेळ होती का? तिनं मान खाली घातली.

फोन बाबांनी घेतला होता. रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाची दुसरी फेरी संपवून हिल्के थोडे दिवस माहेरी आली होती. फ्रीसलंड या डच प्रांतातल्या त्या घरात चाळीस वर्षं एकच आकडा घरादाराचा जीव खालीवर करायचा. दर महिन्याला डेअरीकडून दुधाचा अहवाल यायचा आणि त्यात दुधातल्या पांढऱ्या पेशी मोजलेल्या असायच्या. आकडा वाढला की कुठल्यातरी गाईच्या सडाला सूज आली समजायचं. कमी आला की घरात सण! म्हणून फोनवर "तुमच्या मुलीच्या पांढऱ्या पेशी फारच कमी झाल्यात" हे शब्द ऐकले आणि बाबा आनंदानं मोहरून गेले. "तिला जपा, गोठ्यात फिरकू देऊ नका" हे पुढचं त्यांच्या कानांत शिरलंच नाही. दूध काढत असलेल्या रेन्स्केला त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "अगं, हिल्केचा आकडा अगदी खाली आलाय!" आणि तीही वेडी हसली... मग गावातून गुलाबी साखरेच्या थराचा केक आला. बाबा लेकीचा हात धरून तिला आदल्या दिवशी जन्मलेलं वासरू दाखवायला घेऊन गेले आणि ते वासरू तिची बोटं चोखत राहिलं. तिच्या एका नखाशी बारीकशी चीर होती. दुसऱ्या दिवशी बोट ठणकतंय म्हणाली, तेव्हा बाबांनी ते उजेडात धरून पाहिलं. जनावरांच्या जखमा बघण्यात त्यांची हयात गेली होती. "लाली नाही, सूज नाही, पू नाही. एकदम स्वच्छ!"

स्वच्छ! डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी समजावून सांगितलं होतं की लाली आणि सूज आणतात त्या पांढऱ्या पेशीच, आणि पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या त्याच पेशी. हिल्केच्या अंगात लढायलाच कुणी उरलं नव्हतं, म्हणून जखम गप्प होती आणि जंतू थेट रक्तात उतरले होते. ते ऐकताना बाबांचा चेहरा रेन्स्केनं पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही तो असा झाला नव्हता.

बहिणीच्या अंगात दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी घालून बघू, असं ठरलं. रेन्स्केचं रक्त जुळलं. संध्याकाळी तिनं पेशी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या आणि सकाळी दोन्ही हातांत सुया घालून ती यंत्राशेजारी पडून राहिली. एका हातातून रक्त जात होतं, दुसऱ्यातून परत येत होतं, आणि वरच्या पिशवीत फिकट लालसर पाणी साठत होतं. या पेशी एक दिवससुद्धा टिकत नाहीत म्हणे... मग उद्या? परवा?

बाबा उशाशी बसले होते. एकाएकी ते उठले.

"मी त्याला सांगून येतो."

"बाबा, बसा खाली! मी एकदा सांगितलंय ना त्याला?"

"तू खोटं सांगितलंस, पोरी. आणि मी भेकडासारखा ऐकून घेतलं."

"बाबा, नका... तो तुम्हाला कधी माफ करणार नाही!"

तिला उठून त्यांना धरायचं होतं, पण हात हलवायची सोय नव्हती. काचेपलीकडे बाबा मार्टेनसमोर उभे राहिलेले तिला दिसले. ते काहीतरी बोलले. मार्टेननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत जाऊ लागलं आणि तिला ते पुसताही येईना.

थोड्या वेळानं मार्टेन आत आला. खिशातला रुमाल काढून त्यानं तिचे डोळे पुसले, मग कान पुसले.

"पहाटे ती शुद्धीवर आली होती. बाबांचं बोलणं तिनं बुधवारीच भिंतीपलीकडून ऐकलं होतं. आकडा कमी म्हणजे काय, तिला चांगलं ठाऊक होतं, रेन्स्के. म्हणाली, आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा हसत होते, माझ्यानं ते मोडवेना... आणि मी तुला काय काय बोललो! पहाटेपासून तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं मला."

"मला बोललास ते जाऊ दे रे... तिला कसं आहे?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत डॉक्टरीणबाई दारात आल्या. त्यांनी नर्सकडे पाहिलं आणि पिशवी आता वर हिल्केकडे पाठवू नका, एवढंच हळूच सांगितलं. मार्टेन भिंतीला टेकून खाली बसला आणि हमसून रडू लागला.

यंत्र थांबलं. नर्सनं भरलेली पिशवी टेबलावर ठेवली आणि सुया काढल्या.

बाबा दारातच उभे होते. त्यांनी टोपी खाली ठेवली, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात पुढे केला.

"रेन्स्केचं कमी पडलं असेल, तर माझं घ्या. मी धट्टाकट्टा आहे. घ्या ना..."

हात तसाच पुढे राहिला. रेन्स्के उठली. तिला भोवळ येत होती. तिनं त्यांची बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि बटण लावून दिलं.