डाव्या बाजूचा जोड

आमच्या कमळाचा धाकटा दीर दामू, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट. त्यानं कमळाला सांगितली, कमळानं मला. यात माझ्या पदरचा एक शब्द नाही.

धामणकर नाक्यावर गाडीत टेप बसवायचं दुकान होतं त्याचं, मोरूच्या भागीत. लहानपणी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात राबून दामूचा डावा कान गेलेला. आवाज कुठल्या बाजूनं येतो ते त्याला उमगत नसे. म्हणून तो पुढं बसून आवाज डावीकडं-उजवीकडं नेणारं बटण फिरवी आणि डावखुरा मोरू मागच्या सीटवरून सांगे, "डावा, दादा. आता उजवा."

सहा वर्षं हे गुपित मोरूनं पोटात ठेवलं. मग पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "दामूदादाचा एक कान बंद हाय. तो काय डावं-उजवं जोडणार?"

लोक हसले. दामूनं मोरूचं नाव टाकलं.

चौऱ्याण्णव साल. दत्तजयंतीची आदली रात्र. अंबाडी गावच्या रामनाथची जीप सकाळी मिरवणुकीत पुढं चालायची होती, तिला टेप बसवायला दामू एकटाच गेला.

रामनाथ म्हणाला, "उद्या चार माणसांत बटण फिरवून बघीन हां. मोरू म्हनतो, तू उलटं करशील."

"बघ की," दामू म्हणाला.

टेप पुढं, ॲम्प्लिफायर मागच्या सीटखाली. मधल्या दोन्ही वायरी काळ्या, डावी-उजवी ओळखू न येणाऱ्या, त्यात आखूड. दामूनं सीटखालीच जोड दिले, वर चिकटपट्टी गुंडाळली. नऊ वाजले. अंगणात कुणी नव्हतं. त्यानं बटण डावीकडं फिरवलं. आता उतरून मागच्या स्पीकरवर हात ठेवायचा, थरथर कुठं लागते बघायची. ही त्याची एकट्याची रीत.

पाय खाली टाकणार, तोच मागून आवाज आला.

"उलटं लागलंय, दादा."

मोरू.

दामूनं मान वळवली नाही. "आता काय न्यायला आलास? गिऱ्हाइकं नेलीस. अब्रू नेलीस..."

दामूनं टेप बंद केला.

"एकदा तुझ्यावर इस्वास टाकला. पुन्हा न्हाय."

"जोड बदल, दादा..."

"उतर खाली."

दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. दामूनं वळून पाहिलं. सीट रिकामी...

रागाच्या भरात त्यानं काही तपासलं नाही. जोड तसेच ठेवले. जीपला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, शेवटची एसटी धरली. गाडी निम्म्या वाटेवर आली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

आवाज डाव्या कानात आला होता.

सकाळी दामूनं किल्ली दिली. रामनाथनं सगळ्यांसमोर बटण फिरवलं. डावं डावीकडं. उजवं उजवीकडं.

"जमलं की रे," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "कळलं का तुला? मोरू काल दिवेलागणीलाच गेला. पूर्णा गावापाशी ट्रकनं उडवलं."

मिरवणूक संपल्यावर दामूनं सीट उचलली. जुना जोड कापून घेतला, नवा दिला. घरी येऊन कमळाला सगळं सांगितलं.

कमळानं विचारलं, "भावजी, आता तरी राग गेला का?"

"न्हाय, वैनी. जिता होता तवा आला असता तर..."

त्यानं खिशातून जोड काढून तिच्या हातावर ठेवला. चिकटपट्टी उलट्या बाजूनं गुंडाळलेली होती. डावखुरा माणूस गुंडाळतो तशी.