अडतिसावी लेवल

"माझ्या वाघिणीला कुनी झोपवलं?"

सपनाचा आवाज एवढा चढला, की कळमनुरीच्या त्या कॉम्प्युटर क्लासमधल्या सहाही मशीनवरचं टायपिंग थांबलं. चौथ्या नंबरच्या मशीनमागून एक डोकं वर आलं. केसांत जाळी-जळमटं, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण काही तरी पुण्याचं काम केलंय आणि आता शाबासकी मिळणार.

"मी झोपवलं," तो म्हणाला. "तीन आठवडे जागी होती बिचारी. झोपायची खूण कवाची पेटून राहिली होती. मला वाटलं, तुमाला इंग्रजी वाचता येत नसंल..."

झालं! बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला हे ऐकवायचं म्हणजे विस्तवावर पाय ठेवणंच. सपनानं त्याच्याकडे असं पाहिलं, की स्क्रूड्रायव्हर आपोआप खिशात गेला.

ही गोष्ट २००६ च्या भादव्यातली. हा विकास, भावसिंगचा मुलगा, औंढ्याच्या रस्त्यावरच्या तांड्यातला. नांदेडला हार्डवेअर शिकून आलेला, सोमवारपासून क्लासमध्ये 'सर' म्हणून लागलेला. आणि सपना म्हणजे पोस्टमन भिवाजींची धाकटी. सरकारी कॉम्प्युटर कोर्ससाठी यायची, आणि प्रॅक्टिकल संपलं की उरलेला तासभर चौथ्या मशीनवर तो गेम खेळायची. कुणी तरी नांदेडहून आणून टाकला होता. भलंमोठं राज्य, त्यात डोंगर, जंगलं, पडके किल्ले. कुठंही जा, काहीही कर. राज्य वाचवायचं म्हणून तलवार दिली होती, पण सपनाची वाघीण, म्हणजे गेममधलं तिचं पात्र, ती उपसायचीच नाही. झाडपाला गोळा करायची, दुकानदारांशी घासाघीस करायची आणि डोंगरावर बसून सूर्य बुडताना बघायची.

त्या गेमची एक रीत होती. जे कराल ते अंगी वाढत जायचं, पण लेवल चढायची ती बिछान्यावर झोपलात तरच. आणि तुमची लेवल चढली, की सगळ्या जगाची चढायची. काल रस्त्यावर कोल्हा असेल तर आज अस्वल. सपनानं हे स्वतःचं स्वतः ओळखलं होतं, म्हणून ती वाघिणीला झोपूच देत नव्हती. विकाससरांनी दया दाखवली आणि वाघीण एका झोपेत अकरा लेवल चढली. अंगात बळ म्हणाल तर झाडपाला ओळखण्याचं.

"बघा आता," सपना म्हणाली. "काल जो चोर गंजलेली सुरी घेऊन पळत होता, तो आज राजावानी चिलखत घालून उभा हाय! तीनदा मेले मी. गावाच्या वेशीवर."

विकासनं वाकून पडद्याकडे पाहिलं. मग हसू आवरत म्हणाला, "मग घ्या ना चांगली हत्यारं. मोठं झाल्यावर हत्यारंबी मोठी भेटतेत."

"अन् मोठं व्हायचंच काहून? आपन मोठं झालो की सगळेच मोठे होतेत. मग फायदा काय झाला?"

"फायदा..." विकास अडखळला. त्याला उत्तर सुचलं नाही. तिच्या कपाळावर आलेली बट मात्र सुचली, म्हणजे दिसली. पाहायची नव्हती, तरी दिसली.

दुसऱ्या दिवशी वाघिणीनं अस्वलाला दोन फटक्यांत लोळवलं. सपनानं आधी टाळी वाजवली, मग तिला शंका आली. तिनं सेटिंग उघडलं. अवघड-सोप्याची पट्टी डावीकडे सरकलेली होती.

"सर."

"अं?"

"पट्टी तुमी सरकवली?"

"थोडी..."

"मला कुनाची दया नको."

"दया न्हाई ती," विकास म्हणाला, आणि पुढचे शब्द गिळून फळ्यावरचं कालचं पुसायला लागला. फळा तर आधीच पुसलेला होता.

सपनानं पट्टी पुन्हा मध्यावर आणली. पण त्या दिवशी ती वाघिणीला घेऊन डोंगरावर गेलीच नाही. नुसती बसून राहिली आणि गालातल्या गालात हसत होती.

मग सुरू झालं ते असंच. संध्याकाळी पाचच्या सुमाराला लाइट जायची. बाकीची पोरं उठून जायची. चौथ्या मशीनचा यूपीएस टुं-टुं करत दहा मिनिटं तग धरायचा. मशीन ताबडतोब बंद करायचं, हा विकासचाच नियम, आणि तो मोडायचाही तोच. पत्र्यावर रिमझिम वाजायची, पडद्याच्या निळसर उजेडात दोन खुर्च्या, आणि मधे वीतभर अंतर. ते वीतभर अंतर दोघांनाही फार जड जायचं.

"सपना... तुला एक सांगू?"

"सांगा ना."

टुं. टुं. टुं.

"...सेव्ह केलंस का?"

"केलं," ती म्हणायची, आणि तोंड फिरवून हसायची. मनात म्हणायची, बावळट आहे अगदी. पण तो आपला बावळट होता, आणि तिला तो हवा होता. हे तिनं स्वतःशी कधी नाकारलं नाही.

विकासचा स्वतःचा खेळही त्याच मशीनवर होता. पुढच्या उन्हाळ्यात, पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं त्याच्या खिशात असताना, त्यानं तो तिला दाखवला. अडतिसावी लेवल! अंगावर सोन्याचं चिलखत, पाठीवर जादूची धनुष्यं, घरात औषधांच्या बाटल्यांच्या ओळी. सपना बघतच राहिली.

"अन् राज्य वाचवलं का मग?"

"अजून राक्षसांच्या पहिल्याच दरवाज्यात गेलो न्हाई. तयारी होऊ दे की पुरी."

"मी तर दुसऱ्या लेवललाच गेले होते," सपना म्हणाली. "हातात झाडपाल्याची पिशवी होती. आत दोन फुसके राक्षस. पळत गेले, पळत आले, झालं."

विकास हसला. ती मात्र हसली नाही. खुर्ची त्याच्याकडे वळवून पहिल्यांदाच त्याला एकेरी म्हणाली, "पुन्याला जायच्या आधी घरी ये. बाबांना भेट."

तिच्या बाबांचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. भिवाजी मध्यस्थाला दारात उभं करत नसत. हुंडा नाही, पत्रिका नाही, जात विचारायची नाही. ज्याला मुलगी हवी त्यानं स्वतः यावं, समोर बसावं आणि आपल्या तोंडानं मागावी. थोरलीच्या वेळी दोन चांगली स्थळं एवढ्यावरच परत गेली होती.

"आत्ता?" विकासनं माउस उगाच इकडेतिकडे फिरवला. "आत्ता काय सांगू त्यांला? तांड्यावरचं पोरगं, भाड्याची खोली, ही असली नोकरी... आधी काही तरी होऊ दे मला. मग येतो बराबर, ताठ मानेनं."

"तू मोठा व्हशील तवर बाकीचं सगळं लहानच राहील का?"

"ते गेममधी असतं गं, येडे." त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. पहिल्यांदाच, आणि फार हलकेच. "दोन वर्षं. फक्त दोन वर्षं."

सपनाला वाटलं, म्हणावं, जाऊ नकोस. पण ज्याच्या डोळ्यांत एवढी उमेद आहे त्याला कसं अडवायचं? तिनं मान हलवली. आयुष्यात पुढे किती तरी वेळा तिला त्या हललेल्या मानेचा राग आला.

पुण्याहून फोन यायचे, आणि किराणा दुकानातल्या कॉइन बॉक्सवरून तिचे जायचे. पहिल्या वर्षी तो म्हणाला, परमनंट होऊ दे. परमनंट झाला. तिचं बीएस्सी झालं, घरी स्थळं यायला लागली, तेव्हा म्हणाला, "आता हाताखाली दहा पोरं हायेत माझ्या. पर इथं सगळ्यांचीच घरं हायेत, गाड्या हायेत. उद्या तुझे बाबा विचारतील, ठेवतो कुठं माझ्या पोरीला? फ्लॅट बघून राहिलो मी."

"बाबांनी तुला फ्लॅट विचारला का?"

"विचारतीलच ना."

२००९ च्या फेब्रुवारीत सपनानं फोन लावला. "रविवारी एक जण येऊन राहिला बघायला. हट्टा गावचा. विकास... तू शनिवारी ये."

तिकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"या शनिवारी कसं जमंल? चाव्या भेटायला तीन महिने हायेत. रिकाम्या हातानं येऊ का? थोडं थांबव ना त्याला."

"मी कशी थांबवू? तू ये."

"थोडंच, सपना..."

नाणं संपलं. तिच्या मुठीत आणखी दोन नाणी होती, पण ती तिनं टाकली नाहीत. दुकानदारानं विचारलं, काय झालं गं पोरी? ती म्हणाली, डोळ्यात मिरची गेली.

मे महिन्यात विकास आला. सकाळचे अकरा वाजले होते. भाड्याची पांढरी जीप दारात थांबली. परीटघडीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा आणि काखेत फाइल. भिवाजी ओट्यावर सायकलची चेन घासत होते. हात पुसून त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि सपनाच्या आईला, पद्माबाईंना, चहा टाकायला सांगितला. विकासनं फाइल टीपॉयवर ठेवून उघडली. नोकरीचं पत्र, फ्लॅटचे कागद, सगळं नीट लावून आणलेलं.

भिवाजींनी फाइल हलकेच मिटवली.

"पोरा, दोन वर्षांखाली रोज टपाल घिऊन मी तुमच्या क्लासवरून जायचो. तुमी दोघं दिसायचे. मी हिला म्हनायचो, येत्या रविवारी येतंय बघ पोरगं. दर रविवारी जास्तीचं दूध घेऊन ठेवायची ही. कितीक रविवार घेतलं, विचार तिला."

पद्माबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पर मी... तवा मी सांगणार काय होतो तुमाला?" विकासचा हात पुन्हा फाइलवर गेला.

"सांगायचं काय त्यात? पोरगी आवडती म्हनायचं. मी व्हय म्हनालो असतो." भिवाजी उठले. "साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले. तरीबी निर्णय तिचा हाय. ती म्हनली तर मी हट्ट्याला जाईन, हात जोडीन. लोकं मला बोलतील, तर बोलू द्या." आणि ते पद्माबाईंना घेऊन आत गेले.

सपना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं रात्रंदिवस ज्याची वाट पाहिली तो समोर बसला होता. थोडा जाड झाला होता. डोळे तेच.

"ऐकलंस ना बाबा काय म्हनले," विकास कसाबसा म्हणाला. "तू नुसतं व्हय म्हन."

"तुला साखरपुड्याची तारीख सांगितली होती मी."

"त्याच आठवड्यात चाव्या भेटनार होत्या. मला वाटलं, चाव्या घेऊनच..." तो थांबला. "तुझं आता न्हाई का माझ्यावर?"

"हाय," सपना म्हणाली. डोळे भरून आले तरी तिनं ते पुसले नाहीत. "प्रेम हाय, विकास. होतं न्हाई, हाय. कवाच बोलून दाखवलं न्हाई, आज सांगते. पर हट्ट्याच्या भीमराजला मी पहिल्याच दिवशी तुझं नाव सांगितलं. त्यो म्हनला, मी थांबतो, त्यो आला तर मी बाजूला व्हईन. दोन महिने थांबला त्यो. माझ्यासंगं तुझी वाट बघितली त्यानं. तारीख जवळ आली तसं मलाच म्हनायचा, अजून एकदा फोन लाव. मग मी माझ्या तोंडानं त्याला व्हय म्हनले. आता त्याला काय सांगू? तू चाव्या घिऊन आला म्हनून?"

आत कप वाजले. चहा बाहेर आणायचा धीर कुणालाच होत नसावा.

"काय करतो त्यो?" विकासनं विचारलं. "इंजिनेर हाय का?"

"न्हाई. झेडपीच्या शाळेत शिक्षणसेवक. परमनंट व्हायला अजून दोन वर्षं हायेत."

"घर?"

"दोन खोल्या. भाड्याच्या."

विकास मिटलेल्या फाइलकडे बघत राहिला. तिचं कव्हर नवंकोरं होतं. बाहेर जीपवाल्यानं एकदा हॉर्न दिला.

"मग त्यो... बाबांना म्हनला काय?"

"म्हनला, मला पोरगी आवडली. मी तिला आवडतो का, तेवढं विचारा."

"एवढंच?"

"एवढंच."

तो उठला. फाइल काखेत घेतली. पेढ्यांचा पुडा तिच्या हातात द्यायला म्हणून पुढे केला, मग हात तसाच राहिला.

"एवढं तर मला तवाबी येत होतं, सपना," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि पुडा घेतला. जीप वळून रस्त्याला लागेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग तिथंच ओट्यावर बसून हमसून हमसून रडली.