काळा स्पंज

बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘फायटर मासा, नर, निळा. मृत्यू रविवारी सकाळी, सात वाजून दहा मिनिटे.’ तिलक नगरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात ती बाटली टेबलावर ठेवून डॉ. कस्तुरी इनामदार दुकानदार सतीशजींना जाब विचारत होती. कस्तुरी मूळची कोल्हापूरची. जयपूरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतूंची कर्दनकाळ म्हणून तिचा लौकिक होता. नवशिक्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात आजारी मासा बांधणे ही तिच्या मते उघड फसवणूक होती. सतीशजी मात्र मासा दिला तेव्हा ठणठणीत होता, हे एकच पालुपद हिंदीत आळवीत होते.

“आजारी नव्हता तो,” शेजारून कुणीतरी म्हणाले, आणि तेही मराठीत. “त्याची शेपटी बघा ना... मतलब, कुरतडलीय. टाकीत अजून कोण आहे?”

“आपल्याला कुणी विचारलं?”

“बाटलीनं.”

तो कैवल्य माने. आजोबा साताऱ्याचे, जन्म जयपूरचा, नोकरी सांगानेरला हातकागदाच्या कारखान्यात. कस्तुरीने केवळ सतीशजींना ऐकवण्यासाठी सांगितले : चाळीस लिटरची टाकी, एक गोल्डफिश, दोन पट्टेवाले टायगर बार्ब आणि हा दिवंगत. त्यावर कैवल्यने जे निरूपण आरंभले ते तिला असह्य झाले. विशेषतः त्यात खोडण्याजोगे काहीच सापडेना म्हणून. गोल्डफिश वाढतो वीतभर आणि घाण करतो हातभर. बार्ब टोळीने राहणारे. दोघेच उरले की करमणुकीसाठी दुसऱ्याच्या लांब शेपटीला लागतात. आणि फायटर तर मुळातच एकांतप्रिय.

“तुम्ही मासे निवडलेच नाहीत,” तो म्हणाला. “रंग बघून पडद्याचं कापड निवडलंत.”

संतापाने तिचे कान तापले. ह्या गृहस्थाच्या डोळ्यांत हसू आहे, हे त्याच क्षणी लक्षात यावे, ह्याचा तिला अधिकच संताप आला. अखेर गोल्डफिश आणि बार्ब दुकानाच्या मोठ्या टाकीत परत करायचे, आणि जयपूरचे जड, क्षारांचे पाणी मानवणारे सहा गप्पी न्यायचे, असे ठरले. सहाही नर. हा माद्यांवर अन्याय आहे, असे ती म्हणाली. माद्या नेल्यास तीन महिन्यांत साठ गप्पी होतील, असे तो म्हणाला, आणि का कोण जाणे, दोघेही एकदम दुसरीकडे पाहू लागले.

“ह्यांतला एक जरी गेला, तरी बाटली घेऊन तुमच्या दारात उभी राहीन.”

“दार लांब आहे.” त्याने पिशवीवर आपला नंबर लिहिला. “आधी फोन करा.”

हा सारा खटाटोप का, ते तिने त्याला सांगितले नाही. तिच्या हातून तुळससुद्धा तगत नाही, असे तिची आई फोनवर हसत हसत म्हणे. दिवसभर जंतू मारणाऱ्या त्या हातांत काहीतरी जगावे, एवढीच तिची इच्छा होती.

दहाव्या दिवशी दोन गप्पी गेले. उरलेले चार पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे उघडून धापा टाकत होते. कैवल्य तासाभरात आला. ती दारातच कडाडली, की तज्ज्ञ म्हणवणाऱ्याने निवडलेले मासे हे असे निघतात.

त्याने टाकी पाहिली. काच लखलखीत, खडे मोत्यांसारखे. साफसफाई कशी करता, असे त्याने विचारले. तिने अभिमानाने सांगितले : दर रविवारी सगळे पाणी बदलते, खडे उकळते, फिल्टरचा स्पंज वीस मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवते.

तो हसला... आणि लगेच थांबला. “डॉक्टर, त्या स्पंजात कोण राहतं?”

माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जंतू. परीक्षेसाठी त्यांची नावे तिने तोंडपाठ केली होती. जी मंडळी पाणी जगण्याजोगे ठेवत होती, त्यांनाच तिने नेमाने, घड्याळ लावून ठार केले होते.

“मीच मारलं,” ती म्हणाली. आता संताप करायला दुसरे कुणी उरले नव्हते. “आई खरंच बोलते.”

“आई काय बोलते ते नंतर सांगा. बादलीत भरून ठेवलेल्या, क्लोरीन उडालेल्या शिळ्या पाण्यानं टाकीतला तिसरा हिस्सा बदला. मी आलोच.”

तो परतला तेव्हा दुपार टळली होती. हातात स्टीलचा डबा, डब्यात त्याच्या टाकीतल्या पाण्यात बुडालेला अर्धा स्पंज : काळाकुट्ट, बुळबुळीत, ओल्या मातीच्या वासाचा. तीन वर्षांचा आहे, जंतू भरपूर आहेत, असे तो काहीसा लाजून म्हणाला. आयुष्यभर जे तिने हातमोज्यांशिवाय शिवले नव्हते, ते कस्तुरीने उघड्या तळव्यांवर घेतले आणि अलगद फिल्टरमध्ये बसवले. संध्याकाळपर्यंत दोघे टाकीपुढे जमिनीवर बसून होते. दिवेलागणीला एक गप्पी खाली उतरला, मग दुसरा, मग शेपट्या हलवीत उरलेले दोघे.

“जगतील,” कैवल्य म्हणाला. “पण पाणी तपासायला हवं... मतलब, रोज. निघतो आता. डबा द्या.”

“हा डबा मी उकळणार आहे.”

“तो जरूर उकळा.”

“आणि रिकामा देणार नाही. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. तुमच्या आजोबांनी इतकंही शिकवलं नाही?” तिचा स्वर अजून चढलेलाच होता, फक्त त्यातली धार कुठेतरी विरघळली होती. “आज घरात काहीही नाही. उद्याही नसेल. मला बरेच दिवस काही सुचणार नाही.”

“मग मी रोज येऊन विचारत जाऊ?”

“नाहीतर काय,” कस्तुरी चिडून म्हणाली, “सगळं मीच सांगायचं?”

तो पुन्हा खाली बसला.