कातड्याची पोथी

दिवा जरा बारीक करा, पोरांनो, आणि दाराकडे पाठ करून बसू नका. गोष्ट चंपतची आहे. खुर्सीपारात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. पोलादाच्या प्लांटची रजिस्टरं बांधायचा. त्यानं स्वतः सांगितलेली आहे, म्हणून सांगतो.

सन बासष्ट. सहा जानेवारी, शनिवार, अमावास्या. चंपत दुपारी बांधलेली रजिस्टरं पोचवायला प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाला गेला होता. तिथं प्लांट उभारायला आलेल्या एका रशियन साहेबाच्या दुभाष्यानं त्याला थांबवलं आणि फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक हातात दिलं. साहेबाच्या आईचं होतं म्हणे. सातशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडच्या मठातल्या साधूंनी हातानं लिहिलेली, भजनं गायची पोथी. शिवण उसवली होती.

"सोमवार को किताब दो, दूध का डिब्बा लो," दुभाष्या म्हणाला.

चंपत लगेच हो म्हणाला. त्याची पोर एकोणीस दिवसांची होती, अजून नावही ठेवलं नव्हतं. बायकोला, रुक्माला, ताप आला आणि तिचा पान्हाच आटला. गवळ्याचं दूध पोरीला पचेना. डॉक्टरनं पावडरचा डबा सांगितला होता, पण तो बाजारात दिसेल तर शपथ! पोर वाळत चालली होती. चंपतला तिच्याकडे बघवत नव्हतं.

रात्री त्यानं कंदिलाशी पोथी उघडली. लाकडी पुठ्ठे, पितळी कड्या. मेणाचे थेंब सांडलेले. काळी अक्षरं आणि त्यांच्या डोक्यावर विळ्यासारख्या लाल खुणा, सूर कुठं चढवायचा ते सांगणाऱ्या. एका पानाला भोक होतं. ते जुन्या दोऱ्यानं शिवलेलं, आणि लिहिणाऱ्यानं ओळ त्याला वळसा घालून नेलेली. चंपतनं खळीचं ओलं बोट लावलं तर पान वळलं. त्यानं ते उजेडासमोर धरलं. शिरा दिसल्या. केसांची बारीक भोकं दिसली.

"रुक्मे, हे कागद नोहे. कातडं हाये. कवळ्या वासराचं."

"मंग कावून धरून राहिले हातात? दीक्षेच्या दिवशी मेलेल्या ढोराले हात लावणार नाही म्हणून सांगतलं होतं न तुमी?"

"तुले डबा पाह्यजे का नाही?"

पोर कण्हत होती.

चंपतनं शिवण घातली. मग त्याला पानांच्या कडेला वरपासून खालपर्यंत ओळीनं टोचे दिसले. लिहिणाऱ्यानं रेघा आखायला सुईनं टोचलेले होते ते. पण आमचा चंपत रजिस्टरवाला. त्याला वाटलं, कसर लागली. कसर लागली की कड छाटायची, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं पोथी शिकंज्यात आवळली आणि सुरी चालवली. कातडं कापल्याचा आवाज कागदासारखा नसतो. तरी त्यानं तिन्ही बाजू छाटल्या.

दीड वाजता गाय हंबरली.

आमच्या गल्लीत गाय कुणाकडे नव्हती. चंपत उठून बसला. आवाज नाक्याकडून आला. मग दाराशी. लांब… एका सुरात… वासरू हरवलेली गाय हंबरते तसा.

"आयकलं?" रुक्मा कुजबुजली.

चंपतनं कंदिलाची वात वर केली.

कंदील विझला. दाराची कडी वाजली नाही. पण आवाज आत आला. शिकंज्यापाशी. हंबरणं थांबलं, आणि… खर्र… खर्र… खरबरीत जिभेनं कुणी तरी काही चाटत होतं.

चंपतला गाव आठवलं. वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरायचे आणि गाईपुढं ठेवायचे. ती बिचारी ते चाटायची. चाटता चाटता पान्हा सोडायची. लहानपणी बापासोबत त्यानंच असली कातडी सोलली होती.

खर्र… खर्र…

मग थांबलं.

पोर कण्हली.

खुरांचा आवाज. एक… दोन… तिच्याकडे.

चंपतनं अंधारात पोरीकडे हात नेला. हाताला ऊन श्वास लागला. मोठा. ओला. हात तिथंच राहिला. पुढं जाईना, मागं येईना.

"रुक्मे… पोरीले उचल…"

रुक्मानं उचललं नाही. ती नंतर म्हणाली, मले उचलावंसंच नाही वाटलं. पोर कण्हायची थांबली होती. चुटूचुटू आवाज येत होता…

मग तोही नाही.

उजाडलं तेव्हा दाराची कडी आतून लागलेली होती. पोर गेली होती. हात, पाय, कपाळ, सगळं गार. चंपत भिंतीवर डोकं आपटून रडला. आम्ही सगळे धावलो. रुक्मा तेवढी रडली नाही. पोरीला मांडीवर घेऊन सारखं एकच म्हणत राहिली, "उपाशी नाही गेली माही पोर."

बायका म्हणाल्या, दुःखानं येडी झाली.

दुपारी पोरीला माती द्यायला नेलं. खड्ड्यात ठेवताना तिची मान कलली आणि ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. चंपतनं ते बोटानं पुसलं आणि तसाच बसून राहिला.

पोर सकाळपासून गार पडली होती. दूध कोमट होतं.