तक्रारीत राहिलेला पत्ता

वाघोलीच्या सोसायटीत त्या रात्री वीज गेली आणि जनरेटरनेही नेहमीप्रमाणे मान टाकली, तेव्हा मुलं गच्चीवर जमली. दिगंबरकाका तिथे आधीच सतरंजी टाकून बसले होते.

"काका, भुताची गोष्ट सांगा," शेफाली म्हणाली. "पण खरी."

"खरीच सांगतो. खोट्या तुम्हाला मोबाइलवर फुकट मिळतात." काकांनी पाय दुमडून घेतले. "चौथ्या मजल्यावरची नम्रता माहीत आहे ना?"

"कसबा पेठेतल्या रक्तपेढीत कॉम्प्युटर बघते ती?" वरदने विचारलं. तो स्वतः आयटीतला. "तिला भूत दिसलं?"

"दिसलं नाही. त्याने दार वाजवलं. आधी ते मोबाइलचे दिवे बंद करा."

दिवे बंद झाले. काका सांगू लागले.

गेल्या वर्षीची दिव्यांची अवस. गुरुवार होता. नम्रता रात्री रक्तपेढीत गेली ती अगदी साध्या कामासाठी. सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी बदलायची होती, आणि ते काम गर्दी नसतानाच करावं लागतं. संध्याकाळी तिने घरातले सगळे दिवे घासून, मांडून पुजले होते. कणकेचे गोड दिवे उकडले होते, त्यातले थोडे डब्यात भरून घेतले, दत्तप्रसादसाठी.

दत्तप्रसाद म्हणजे तिथला रात्रपाळीचा तंत्रज्ञ. मित्र सगळे गटारी साजरी करायला गेलेले आणि हा रक्ताच्या पिशव्या राखत बसलेला.

"गुरुवारी कोण पिणार, म्हणत होतीस ना ताई?" त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. "बघ. सगळे माळकरी बसलेत."

"तू दिवे खा. तूप जास्त घातलंय," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

वरच्या लहान खोलीत तो सर्व्हर. त्यात शहरातल्या दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची नावं आणि फोन नंबर. बॉम्बे गट म्हणतात त्याला. असल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही, आणि असे दाते हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. अडीअडचणीला इतर रक्तपेढ्यांनाही ते नंबर दिसावेत म्हणून ते यंत्र इंटरनेटला जोडलेलं.

आता इंटरनेटला जोडलं म्हणजे रस्त्यावर दार आलं. कुठकुठल्या देशांतली यंत्रं दिवसरात्र येऊन ते दार ढकलून बघतात. एखादं नाव टाकायचं, एखादा पासवर्ड टाकायचा, उघडलं तर आत शिरायचं. जो येतो त्याचा आकड्यांतला पत्ता मात्र मागे उरतो. तो पत्ता अडवला की बहुतेकांचं काम संपतं. नम्रताचं संपत नसे. पत्ता ज्या कंपनीचा असेल तिला ती तक्रार लिहायची, आणि जगभरची माणसं असे पत्ते जिथे जाहीर करतात त्या साइटवरही टाकायची.

"आपण नुसतं आपलं दार लावलं तर तो शेजारच्यांकडे जाणार," ती म्हणायची. "नाव लागलंच पाहिजे त्याचं."

"हे सगळं ऑटोमॅटिक होतं हो काका," वरद म्हणाला.

"होत असेल. ती हाताने लिहायची. आपल्या लग्नाचं आमंत्रण तू आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर ढकललंस, तसं नाही."

शेफाली हसली. काका नाही हसले.

बॅटरी बदलून झाली. नम्रता निघणार, इतक्यात फोन वाजला. वाघोलीच्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टर सत्यशीला.

"नम्रता, बॉम्बे गट हवाय. बाळंतपणाची केस आहे, वार खाली बाळाच्या वाटेत आलीये. सकाळी ऑपरेशन करावंच लागेल. रक्त हाताशी नसेल तर मी तिला टेबलावर घेऊ शकत नाही. आणि नाही घेतलं तर..."



"पेशंटचं नाव?"

"कागद पाठवते मागाहून. तू आधी माणूस शोध."

नम्रता स्क्रीनपुढे बसली. यादी उघडेना. चाक नुसतं फिरत राहिलं. कोणीतरी इतक्या भराभर दार ढकलत होतं, की यंत्राला दुसरं काही सुचत नव्हतं. तिने नोंदी बघितल्या. अनोळखी पत्ता, सातासमुद्रापलीकडचा. त्यात नवल नव्हतं. असली यंत्रं नेहमी ठरावीक नावं टाकून बघतात. ॲडमिन, रूट, टेस्ट. हे एकच नाव टाकत होतं.

हेमा.

हेमा. हेमा. हेमा.

रक्तपेढीत हेमा नावाचं कोणी नव्हतं. तिने पत्ता अडवला, नोंदी उचलल्या, तक्रार पाठवली. शांत झालं. तिने यादीकडे हात वळवला...

पुन्हा सुरू. आता पत्ता मुंबईचा. नाव तेच.

अडवला. तक्रार केली.

पुन्हा. आता पुण्याचा.

"जवळ येत होतं," शेफाली हळूच म्हणाली.

"हो. आणि का, तेही तिच्या लक्षात आलं."

घाईत तिने नोंदी जशाच्या तशा चिकटवल्या होत्या. एरवी ती आपल्या यंत्राचं नाव आणि पत्ता त्यातून खोडायची, तो रिवाजच असतो. कारण तक्रार कोणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही. आज खोडायचं राहिलं होतं. पहिल्याच तक्रारीत रक्तपेढीचा पत्ता सरळ लिहिलेला. तो वाचून ते येत होतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. प्रसूतिगृहाचा कागद आला होता. तिने उघडला.

पेशंटचं नाव, हेमा.

काका थांबले. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग तोही आवाज विरला.

"हे नाव त्या यंत्रात कोणी घातलेलं नव्हतं," काका म्हणाले. "ते आत्ता या कागदावर आलं होतं. दार ढकलणाऱ्याला आधीच माहीत होतं."

"मग ती पळाली?"

"पळाली? तिने खुर्ची पुढे ओढली."

पत्ता बदलला. कसबा पेठ. अडवला.

पत्ता बदलला. रक्तपेढीची स्वतःची लाइन.

मग पुन्हा बदलला. आता समोर होता तो त्याच यंत्राचा पत्ता. यंत्र स्वतःशी बोलताना वापरतं, तो. तो अडवता येत नाही. अडवला तर यादीही बंद.

बाहेरून कोणी ढकलत नव्हतं आता. ते आत होतं.

"अस्सं?" नम्रता मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "आत आलास तरी यादी माझी आहे. आणि हेमा मिळणार नाही."

तिने यंत्रामागे हात घातला आणि नेटची वायर उपसून काढली.

पंख्याची घरघर तेवढी उरली.

स्क्रीनवर नवी ओळ आली.

हेमा.

वायर तिच्या हातात होती... आणि ओळी येत होत्या.

एक. मग एक. मग एक.

तिने वायर जमिनीवर टाकली. ओळींकडे बघायचंच नाही, असं ठरवलं. यादी मागितली. चाक फिरलं. पुन्हा मागितली. पुन्हा. त्याने एकदा ढकललं की ही एकदा मागायची. तो थांबेना, ही उठेना. ओठ घट्ट मिटलेले. मानेमागे कोणीतरी वाकून बघतंय असं वाटत होतं. तिने वळून पाहिलं नाही.

आणि एका ढकलण्यात आणि दुसऱ्यात एवढीशी फट पडली. यादी उघडली.

सीताराम. शनिवार पेठ. नंबर.

तिने फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"सीतारामकाका, रक्तपेढीतून बोलतेय. झोपमोड केली, माफ करा."

"नाही हो ताई, जागाच आहे मी." म्हाताऱ्याचा आवाज दबका होता. "मघापासून कोणीतरी दार वाजवतंय."

नम्रता उठून उभी राहिली.

"उघडायलाच निघालो होतो. तेवढ्यात तुमचा फोन..."

"उघडू नका."

"कोण असेल हो?"

"कोणी का असेना. उघडू नका. आम्ही दोघं येतो. मी नाव घेऊन हाक मारेन, तेव्हाच उघडा. आणि फोन ठेवायचा नाही, बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"काहीही. आज दिवे पुजलेत?"

"पुजलेत की. एकटा असलो तरी पुजतो."

ती धावत खाली आली. दत्तप्रसादच्या हातात अर्धा दिवा होता. तिचा चेहरा बघून त्याने तो तसाच ठेवला आणि स्कूटर काढली. शनिवार पेठेतल्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जिना रिकामा. दाराबाहेर कोणी नाही. आत म्हातारा फोनवर सांगत होता, समईला कोणतं तेल घालतो ते.

"सीतारामकाका, मी नम्रता."

दार उघडलं.

त्यांना रक्तपेढीत आणलं, रक्त घेतलं, तपासलं, पहाटे पिशवी वाघोलीला रवाना झाली. वर यंत्रात ओळी येतच होत्या. नम्रता खुर्चीवरून हलली नाही. दत्तप्रसाद चहा घेऊन आला, तो निवून गेला. उजाडल्यावर डॉक्टर सत्यशीलांचा फोन आला. हेमा वाचली होती. मुलगी झाली होती.

त्याच क्षणी ओळी थांबल्या.

"आणि मग?" वरदचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय? तिने तक्रार लिहिली. शेवटचा पत्ता राहिला होता ना."

साइटने तो पत्ता घेतला नाही. तशी सोयच नसते. मग ज्याचं यंत्र त्याला लिहायचं म्हणून तिने स्वतःलाच तक्रार पाठवली. वाचली. खाली उत्तर लिहिलं, 'कारवाई केली आहे. पुन्हा आल्यास पुन्हा करू.' या वेळी आपला पत्ता तिने मुद्दाम ठेवला. ठळक अक्षरात.



"बॉट असेल," वरद शेवटी म्हणाला. "वायर काढायच्या आधीच आत शिरलेला. मशीन बदललं की जातं सगळं."

"बदललं. जुनं मशीन पुसलं, तिथेच कोपऱ्यात ठेवलंय. त्याला वीज नाही, वायर नाही." काकांनी चष्मा काढून हातात धरला. "यंदाच्या अवसेला मी गेलो होतो तिच्याबरोबर, डबा धरायला. तिने तिथले सगळे दिवे पुजले. टॉर्च, इमर्जन्सी लाइट, दत्तप्रसादचा टेबललॅम्पसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मी त्या कोपऱ्याकडे बोट केलं. म्हटलं, अगं, तो एक राहिला."

"कोणता?"

"वायर जिथून उपसली ना, त्या खोबणीपाशी एक हिरवा दिवा असतो, बारीक. पलीकडून कोणी बोलत असलं की लुकलुकतो."

काका उठले. सतरंजी झटकली.

"नम्रताने तिकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, तो आपला नाही काका. लुकलुकू दे."